पान पुरं वाढेपर्यंत

बर्फ घातलेल्या पाण्याच्या ग्लासावर बाहेरून बाष्प धरायला जवळपास चार मिनिटं लागली. बर्फाचे खडे तरंगत होते त्या उंचीवर आधी एक धुरकट पट्टा आला, मग तो हळूहळू बोटभर खाली उतरला आणि तिथेच थांबला. मुंबईत हाच ग्लास मेजावर ठेवता ठेवता ओला झाला असता. सोलापुरात मार्चच्या मध्यावर घामसुद्धा दिसायच्या आधी वाळतो.

पद्मजाने भिंतीवरच्या रेल्वेच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून नऊ मिनिटं. इतका वेळ ती ग्लासाकडे पाहत बसली होती, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. पुढ्यात सूप होतं आणि ते कोणीच पीत नव्हतं.

सोलापूर स्टेशनावरच्या साहेबी जेवणघरात तिघं बसली होती. मधल्या खुर्चीवर तिचे वडील, वेणीमाधव, ज्यांना घरीदारी सगळे तात्या म्हणत. कलेक्टर कचेरीत तीस वर्षं नोकरी करून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल. त्यांच्या डाव्या हाताला एकनाथराव, त्यांचे बाळपणापासूनचे मित्र आणि शुक्रवार पेठेतले शेजारी. वकिली थांबली होती, पण तोंड थांबलं नव्हतं. आणि समोर पद्मजा, मुलींच्या शाळेत सृष्टिज्ञान शिकवणारी, तेहतीस वर्षांची.

बोलावणं तिचंच होतं. तीन आठवड्यांपूर्वी नागपूरहून एक पत्र आलं होतं. तिथल्या एका कॉलेजच्या रसायनशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा होती, आणि तिचे जुने प्राध्यापक तिथे होते. असं पत्र याआधी दोनदा आलं होतं. पहिल्यांदा आई अंथरुणाला खिळलेली होती. दुसऱ्यांदा आईचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं. आता कारण उरलं नव्हतं, आणि तरी पत्र तीन आठवडे ट्रंकेत होतं. मंगळवारपर्यंत उत्तर गेलं नाही तर जागा दुसऱ्याला द्यावी लागेल, असं प्राध्यापकांनी या वेळी स्पष्ट लिहिलं होतं. आज रविवार होता.

शाळेत तिच्याजवळ एक स्पिरिटचा दिवा, सहा परीक्षानळ्या आणि कुलूप न लागणारं एक कपाट होतं. काचेच्या पेटीतल्या तराजूला तिने नऊ वर्षांत हात लावला नव्हता. बी. एस्सी.ला असताना ती चौथ्या दशांश स्थळापर्यंत वजन करी, श्वास रोखून. ते श्वास रोखणं तिला अजून आठवे. इतर फारसं काही आता आठवत नसे. ती थकली होती. एका जागी उभं राहून जो थकवा येतो, तसला तो होता.

तात्यांना इथे जेवायला आणावं हे तिला पत्र आल्यावर दोन दिवसांनी सुचलं. तात्यांची एक गोष्ट होती, शुक्रवार पेठेतल्या पोरासोरांना पाठ झालेली. सन अकरामध्ये असिस्टंट कलेक्टर दौऱ्यावरून मेलगाडीने उतरले, आणि सह्यांचे कागद घेऊन तात्या याच दाराबाहेर दीड तास उभे राहिले. जाळीच्या दारातून त्यांना साहेबाचं जेवण दिसत होतं. "सहा ताटल्या आल्या आणि सहा गेल्या. प्रत्येकीत अर्धं टाकलेलं," ते सांगत. "एवढं टाकतात, म्हणजे चव काय असेल. एकदा खाऊन पाहायचंय." ही गोष्ट सांगताना त्यांच्या आवाजात राग नसे. कुतूहल असे, बावीस-तेवीस वर्षं टिकलेलं.

त्यांची ही इच्छा पुरवावी आणि मग बोलावं, असा तिचा बेत होता. हा लाच देण्याचाच प्रकार आहे हे तिला कळत होतं. शनिवारी ती स्वतः स्टेशनावर येऊन सांगून गेली होती: मांस नको, अंडं नको, तिघांचं जेवण. माणशी अडीच रुपये. एकनाथरावांना कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "साक्षीदार नको का? उद्या वेण्या सांगेल अमृत होतं, कोण खोडून काढणार?"

आणि आता सूप गार होत होतं.

कारण अगदी साधं होतं, फक्त ते पद्मजाच्या उशिरा ध्यानात आलं. तात्या पान पुरं वाढायची वाट पाहत होते. जन्मभर ते पंगतीला बसले होते. मीठ-लिंबापासून वाढप सुरू होतं, चटण्या, कोशिंबिरी, भाज्या, वरण, भात, भातावर तूप. मग यजमान हात जोडतो, मग पानाभोवती पाणी फिरवायचं, चित्राहुती घालायच्या, आणि मग पहिला घास. नुसती आमटी आली म्हणून कोणी ओरपत सुटत नाही. तात्या हात मांडीवर ठेवून शांत बसले होते. तात्या सुरू करीनात म्हणून एकनाथराव थांबले होते. आणि वडीलधाऱ्यांआधी तोंडात घास घालायचा नाही म्हणून पद्मजा थांबली होती. हॉस्टेलच्या मडमेकडे ती असं एकदा जेवली होती. एकामागून एक येतं, आलं की खायचं, हे तिला ठाऊक होतं. पण तिच्या डोक्यात आल्यापासून एकच वाक्य फिरत होतं, आणि ते कुठून उचलावं हे सुचत नव्हतं.

"भात विसरले की काय?" एकनाथराव हळूच म्हणाले.

"आणतील," तात्या म्हणाले. "साहेबी काम आहे. सावकाश असतं."

बटलर जवळ आला. पांढरी दाढी, कमरेला हिरवा पट्टा. कोपऱ्यात उभं राहून त्याने बराच वेळ तिघांना पाहिलं असावं. "सूप थंडा हो गया साब," तो अदबीने म्हणाला, आणि पुढे वाकला. तात्यांना वाटलं, वाढायला आला. त्यांनी पानावर आडवा हात धरावा तसा ताटलीवर धरला, नेहमीसारखा, हसून. बटलरने मान लववली आणि ताटली उचलली. मग एकनाथरावांची. मग पद्मजाची.

"हे काय?" एकनाथराव म्हणाले.

"अं... ते पहिलं होतं," पद्मजा म्हणाली. "तेवढंच प्यायचं होतं. आता दुसरं येईल."

"प्यायचं होतं? मग सांगायचंस की गं, बये."

"चुकलं माझं, काका."

"नुसता वास घ्यायला आलोय का आपण? वेण्या, अकरा साली तू बाहेरून घेतलास तो फुकट होता, एवढाच फरक."

तात्या हसले, पण जाळीच्या दाराकडे पाहून. तिकडे फलाटावर हमाल सावलीत पसरले होते.

मग भाज्यांचे कटलेट आले, एका लांबट रुप्याच्या थाळीत, शेजारी उकडलेले बटाटे आणि पांढऱ्या रश्शातला फुलकोबी. बटलर तात्यांच्या डाव्या खांद्याशी वाकून थाळी धरून उभा राहिला. थाळीत मोठा चमचा होता. तात्यांनी थाळीकडे पाहिलं, बटलरकडे पाहिलं. वाढणारा वाढतो आणि जेवणारा नको म्हणतो, एवढं त्यांना माहीत होतं. हा वाढेना. तेव्हा त्यांनी आपला अर्धा भाग पार पाडला.

"नको, नको. पुरे."

"नक्को साब?" बटलरने एकवार विचारलं.

"नको हो. खूप झालं."

थाळी एकनाथरावांकडे गेली. त्यांना भूक लागली होती. सकाळी चहाशिवाय त्यांनी काही घेतलं नव्हतं. पण तात्यांनी नको म्हटल्यावर आपण पहिल्या झटक्यात हो म्हणणं हावरटपणाचं झालं असतं. "मला तर बिलकूल नको," ते म्हणाले, आणि पुढच्या आग्रहासाठी ताटली जरा पुढे सरकवून ठेवली. थाळी पुढे निघून गेली.

पद्मजाने एक कटलेट आणि दोन बटाटे घेतले. थाळी दारामागे गेली, आणि दार झुलून मिटलं.

"परत येईल ना तो?" एकनाथराव म्हणाले.

"नाही येणार, काका. तो एकदाच विचारतो."

"एकदाच?"

"एकदाच."

"हे जेवण आहे की साक्ष? कोर्टातसुद्धा साक्षीदाराला विचारतात, नीट आठवून सांगा म्हणून. अगं, नुसतं तोंडदेखलं नको होतं ते. शेंबड्या पोराला कळेल."

"त्याला नाही कळत. त्यांच्यात नको म्हणजे नको."

"मग ते जगतात कसे?"

पद्मजाने आपल्या कटलेटचे सुरीने तीन भाग केले आणि दोन त्यांच्याकडे सरकवले. भाग पुष्कळसे सारखे झाले. तात्यांनी त्यांच्या वाटचा तुकडा काट्याने उचलायचा प्रयत्न केला, तो मेजावर पडला, मग त्यांनी तो बोटांनी उचलून खाल्ला. चावताना त्यांच्या कपाळाला बारीक आठी पडली.

"कसं आहे?" एकनाथरावांनी विचारलं.

"गरम आहे," तात्या म्हणाले.

भात आला तेव्हा ते ताठ बसले. सोबत पिवळी करी होती, लोणचं होतं. या वेळी त्यांनी नको म्हटलं नाही, पण थाळीतून स्वतः वाढून घ्यायचा संकोच होताच. त्यांनी लहान मुलीच्या भातुकलीत शोभेल एवढा भात घेतला. मग डोळे मिटून ओठातल्या ओठात काही म्हटलं, पाण्याचा थेंब हातावर घेतला, ताटलीभोवती फिरवला, आणि भाताची चार-चार शितं मेजावरच्या शुभ्र चादरीवर उजव्या बाजूला ओळीने मांडली.

बटलर लगेच आला. त्याच्या हातात एक लहान कुंचा आणि रुप्याचं तबक होतं. अतिशय हलक्या हाताने, तात्यांच्या कोपराला धक्का न लावता, त्याने ती शितं तबकात लोटून घेतली, आणि चादरीवरचा ओला डाग रुमालाने टिपला.

तिघंही पाहत राहिली.

"चित्रगुप्ताचा वाटा घेऊन गेला की रे," एकनाथराव म्हणाले. "आता वर तुझं खातं बंद, त्याचं चालू."

तात्यांनी चमचा हातात घेतला. चार घास खाल्ल्यावर त्यांना काही बोलायचं होतं. बोलायला म्हणून त्यांनी चमचा आणि काटा ताटलीत शेजारी शेजारी नीट ठेवले, कचेरीत दौत-टाक ठेवायचे तसे. साहेबी रिवाजात ती जेवण झाल्याची खूण; तोंड उघडेपर्यंत ताटली गेली होती.

पद्मजाला हसू आलं नाही. तिला एकाएकी इतकं थकल्यासारखं वाटलं, की खुर्चीच्या पाठीला टेकावं आणि डोळे मिटावेत. महिन्याच्या पगारातून साडेसात रुपये घालून तिने वडिलांना उपाशी ठेवलं होतं. आणि वाक्य अजून तसंच होतं, न उचललेलं.

"पद्मे," तात्या म्हणाले. ते दाराकडे बघत होते. "अकरा साली मी त्या तिथं उभा होतो. त्या जाळीपाशी."

"हो."

"साहेब अर्धं टाकून उठतो, असं मी सगळ्यांना सांगत आलो. एवढी वर्षं." ते थांबले. "टाकत नव्हता. उचलून नेत होते त्याचं. त्याच्या हातात कागद होता, वाचायला म्हणून तो चमचा खाली ठेवायचा."

एकनाथरावांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे उपाशी उठला होता."

"असणार."

"तरीच तुझ्यावर खेकसला होता बाहेर येऊन."

तात्यांना हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले. रुमाल डोक्यावरून जरा सरकला, तो त्यांनी काढून मांडीवर ठेवला. पुष्कळ दिवसांत पद्मजाने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. आई गेल्यापासून नव्हतंच.

बटलर काचेच्या वाडग्यात काहीतरी पांढरं घेऊन येताना दिसला. तो मेजापर्यंत पोहोचायच्या आत तात्या म्हणाले, "हो. पाहिजे."

बटलर थांबला, मग हसला. "होना क्या साब?"

"होना. आणखी घाला. आणखी."

ती साबुदाण्याची दुधातली खीर होती, थंड केलेली, वर जायफळ. एकनाथरावांनी एक चमचा तोंडात घातला आणि वाडग्याकडे रोखून पाहिलं. "अडीच रुपये देऊन एकादशी केली आपण." पण त्यांनीही दुसऱ्यांदा घेतली, आणि तिसऱ्यांदा मागितली, खड्या आवाजात, वकिलासारखी.

खाणं संपल्यावर ते मागे टेकले. "आता खरं सांग, वेण्या. पैसे वसूल?"

"पोरीचे पैसे आहेत, तिच्यासमोर काय विचारतोस."

"ती बी. एस्सी. आहे. तिला खोटं चालत नाही. चव होती का?"

"चव नव्हती," तात्या म्हणाले. "केराबाईच्या खानावळीत दोन आण्यांत याहून बरी आमटी मिळते. त्या कोबीला तर कुणी मीठ दाखवलं नव्हतं."

"मग?"

"पण बरं वाटलं."

"कशाचं? चादरीचं?"

तात्यांनी जरा विचार केला. "दमणूक झाली नाही. आठव जरा, आपण कितीक पंगती जेवलो. नको म्हणा, मग ते शपथ घालणार, मग आपण हात धरणार, मग ते हाताच्या फटीतून जिलबी सोडणार. कुणाला खरंच नको असतं, कुणाला खरंच हवं असतं. ते शेवटपर्यंत कळत नाही. वाढणारा दमतो, जेवणारा दमतो." त्यांनी वाडग्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "हा माणूस विचारतो, ऐकतो आणि जातो. रोज चालणार नाही मला. पण एक दिवस बरं."

"म्हणजे नको म्हणायची शिक्षा भोगली आणि वर खूश," एकनाथराव उठत म्हणाले. "मी टांगा बघतो. घरी भाकरी असेल तर बरं, नाहीतर आमच्या हिला सांगावं लागेल की साहेबाकडे जेवून उपाशी आलो. जन्मभर पुरेल तिला." काठी टेकत ते जाळीच्या दारातून बाहेर गेले.

मेजावर दोघंच राहिली. पंखा वर सावकाश फिरत होता. बटलरने कॉफीचे पेले मांडायला सुरुवात केली.

नागपूरचा विषय घरात निघाला नव्हता असं नाही. दर आठवड्याला निघायचा. तात्या म्हणत, "जा की. माझं काय, मी एकटा जीव, कुठंही डाळभात मिळेल." ती म्हणे, "नको तात्या, तुमचे हाल होतील." ते म्हणत, "हाल कसले, तू जा." ती म्हणे, "बघू." मग ते अंगणात जात, ती वह्या तपासायला बसे, आणि दोघंही दिवसभर दमलेली असत. दुसरं पत्र आल्यापासून तीन वर्षं हे चाललं होतं. 'माझं काय' या शब्दांना काय उत्तर द्यावं हे तिला कधी सुचलं नव्हतं. त्यात धरायला काही नव्हतं.

"तात्या," ती म्हणाली, "मी नागपूरला जाऊ नये असं वाटतं का तुम्हाला?"

"माझं काय," ते म्हणाले. "मी एकटा..."

ते थांबले. बटलर त्यांच्या पेल्यात कॉफी ओतत होता. 

"परत विचारणार नाही मी," पद्मजा म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा हळू निघाला. "एकदाच विचारते."

तात्यांनी मांडीवरच्या रुमालाची घडी नीट केली. मग उलगडली. त्यांची बोटं म्हातारी दिसत होती, सांध्यांना फुगलेली. इतक्या जवळून तिने ती बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"वाटतं," ते म्हणाले.

ती वाट पाहत राहिली.

"जाऊ नयेस असं वाटतं. दिवेलागणीला तू शाळेतून येतेस, चपला काढल्याचा आवाज होतो. तेवढा आवाज झाला की मला बरं वाटतं. बाकी दिवस कसाही जातो." त्यांनी पेला उचलला, न पिता खाली ठेवला. "झालं. सांगितलं."

बाहेर कुठेतरी इंजिनाची शिटी झाली. पद्मजाने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, की हे त्यांच्या तोंडून ऐकलं तर आपल्याच्याने जाववणार नाही. आता ऐकलं होतं. छातीत काहीतरी जड, पण एका जागी स्थिर बसलं, आणि त्याचं वजन किती आहे ते तिला पहिल्यांदा कळलं. तिला रडू आलं नाही. तिने हात पुढे केला आणि त्यांच्या हातावर ठेवला. तो त्यांनी काढून घेतला नाही.

"मी जाणार आहे, तात्या," ती म्हणाली. "मंगळवारी होकाराचं पत्र टाकणार आहे, आणि जूनमध्ये मी नागपूरला जाणार आहे."